पाच क्रमांकाची गादी

१

त्या सोमवारी धुकं इतकं दाट होतं की विद्यापीठाची कमान स्कूटर अगदी खाली येईपर्यंत दिसलीच नाही. देवळाली कॅम्पच्या बाजूला तोफांचा सराव चालला होता. वरच्या मजल्यावर कुणी पलंग सरकवावा, तसा तो आवाज धुक्यातून येत होता. माझ्या मागे बसलेले गायधनी सर दर आवाजाला म्हणायचे, "अजून झोपलेत लोक."

आमच्या भांडाराच्या बाहेरच्या खोलीत एक गादी जमिनीवर टाकून ठेवली होती. तिच्याशेजारी बायडाबाई उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा गादीवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि थोड्या वेळाने हात काढून घेतला.

"ही आमची गादी नाय, सायेब," त्या म्हणाल्या.

भांडारपाल महेश हसला. गादीवरच्या खोळीवर त्यानेच मारलेला तीन या आकड्याचा ठसा त्याने बोटाने दाखवला. तीन क्रमांक कुणाचा, तर बायडाबाईंच्या बचत गटाचा. मग ही गादी दुसऱ्या कुणाची कशी असेल?

आधी भानगड काय ते सांगते. मी मृण्मयी, विद्यापीठाच्या विधी कक्षात काम करते. आम्हाला वसतिगृहांसाठी सहाशे गाद्या घ्यायच्या होत्या. निविदा निघाली, पाच पुरवठादार आले. प्रत्येकाने एक गादी नमुना म्हणून द्यायची आणि वर विद्यापीठाने सांगितलेल्या एकाच निळ्या पट्ट्यांच्या कापडाची खोळ घालायची. खोळीवर नाव नाही, फक्त क्रमांकाचा ठसा. म्हणजे गादी कुणाची हे समितीला कळू नये. समितीने आठवड्याने गाद्या पाहिल्या आणि एकेकीची शिवण उसवून आत डोकावलं. पाच क्रमांक पहिला आला. तो आल्हाद शेठचा, ज्यांचं शहरात गाद्यांचं मोठं दुकान आहे. तीन क्रमांकात पिवळा पडलेला जुना कापूस निघाला. निकालपत्रात तसं छापलं गेलं आणि ते कागद फलकावर लागले. जुना माल भरणाऱ्याला आमच्याकडे तीन वर्षं काळ्या यादीत टाकतात.

निकालावर आक्षेप घ्यायला कामाचे पाच दिवस मिळतात. बायडाबाईंची सून हर्षाली दिंडोरीहून चौथ्या दिवशी अर्ज घेऊन आली. असा अर्ज आला की तो ऐकायला बाहेरचा माणूस नेमतात, आणि तो म्हणजे ढुंढिराज गायधनी. हे पंचवटीचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंचं पौरोहित्य. हे मात्र सरकारी खरेदी खात्यात जन्म काढून निवृत्त झाले. निवृत्तीच्याच महिन्यात त्यांच्या पत्नी गेल्या. तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, त्यांना झोप नाही. दिवसा ते अर्धवट स्वप्नात असल्यासारखे चालतात, बोलतात. मला कुठेही, अगदी बैठकीतसुद्धा झोप लागते. त्यामुळे आमची जोडी विजोड असली तरी बरी जमते.

"शुक्रवारी बारा वाजता आल्हाद शेठबरोबर करारावर सही आहे," मी बायडाबाईंना सांगितलं. "त्याच्या आत तुमचं म्हणणं सिद्ध झालं नाही तर आक्षेप संपला."

"टेंडर गेलं तर जाऊ द्या, ताई," त्या म्हणाल्या. "आम्ही बारा बाया बागांत राबतो, राबून खाऊ. पण आम्ही जुना कापूस भरला असं कागदावर लिहून ठिवलंय. बाजारात बाया आमच्याकडं बघून हसत्यात. तेवढं पुसून द्या."

उरलेल्या चार गाद्या आत कुलपात होत्या. आक्षेप घेणाऱ्याला फक्त स्वतःचा नमुना बघता येतो, दुसऱ्याचा नाही. म्हणून बायडाबाई आणि बरोबर आलेली हर्षाली बाहेरच थांबल्या. सरांनी महेशला आतलं दार उघडायला लावलं, चारही गाद्या न्याहाळल्या आणि हळूच विचारलं, "पाच क्रमांकावर मी जरा आडवा झालो तर चालेल का?"

२

चालेल की नाही हे ठरायच्या आत ते आडवे झाले होते. आणि बघता बघता त्यांना झोप लागली. दोन वर्षं न झोपलेला माणूस दिवसाढवळ्या, ट्यूबलाइटच्या उजेडात, तोंड किंचित उघडं ठेवून घोरायला लागला. महेश अस्वस्थ होऊन माझ्याकडे बघत होता. मी ओठांवर बोट ठेवलं.

तेवढ्या वेळात मी खोलीभर फिरले. छताजवळच्या फुटक्या झरोक्यातून पारव्यांचं जाणंयेणं होतं. रॅकवर, खुर्च्यांवर, टेबलांवर सगळीकडे त्यांची घाण. गाद्यांवर समिती येऊन गेल्यापासून ताडपत्री असायची, पण तिच्याखालच्या खोळींवर आधीचाही एक डाग नव्हता. दोन क्रमांकाची खोळ पायथ्याशी चार बोटं लोंबत होती आणि चार क्रमांकाची इतकी तंग, की तिच्या नाड्या जेमतेम बांधल्या होत्या. कुठूनतरी नुकत्याच न्हालेल्या केसांसारखा वास येत होता. मला तो फार ओळखीचा वाटला, पण नाव आठवेना.

एक तोफ जोरात वाजली तसे सर जागे झाले. तरी लगेच उठले नाहीत. त्यांची बोटं गादीच्या कडेने खोळीच्या आत शिरली होती.

"मला स्वप्न पडलं," ते म्हणाले. "मी कशाला तरी टांगलेला होतो, पण पडायची भीती वाटत नव्हती. मृण्मयी, इथे हात घाल. या गाठी बघ."

गादीच्या टाक्यांखालच्या गाठी मी चाचपल्या. प्रत्येक गाठीला छोटासा सैल फास होता. मग आम्ही बाहेर येऊन तीन क्रमांकाच्या गाठी पाहिल्या. त्या दातओठ खाऊन आवळल्यासारख्या टणक होत्या.

महेशचं म्हणणं साधं होतं. नमुने आले त्या दिवसापासून समिती येईपर्यंत आतली खोली बंद होती, किल्ली त्याच्या कमरेला होती आणि कुणीही आत गेलं नाही. त्याने नोंदवही पुढे केली. आठवडाभराची पानं कोरी होती. बोलता बोलता तो खुर्चीवरच्या टॉवेलने सारखं तोंड पुसत होता. सरांनी तो टॉवेल मागून घेतला, स्वतःचा घाम पुसल्यासारखं केलं आणि परत दिला. नोव्हेंबरच्या धुक्यात कसला आलाय घाम, असं माझ्या मनात आलं.

दुपारी आल्हाद शेठ आले. अत्तर लावलेला, मृदू बोलणारा माणूस. बचत गटाच्या बायकांबद्दल आपल्याला वाईट वाटतं, असं त्यांनी तीनदा सांगितलं. जिंकल्यावर नियमाप्रमाणे ते भांडारात आले होते, पाच क्रमांकाची गादी पाहून तिच्या खोळीवर सहीही करून गेले होते. कारण पुढच्या सहाशे गाद्या तिच्याचसारख्या द्यायच्या असतात. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक अर्ज दिला होता. मंजूर नमुना बदलून नवा, सुधारित नमुना द्यायची परवानगी मिळावी.

"नवीन तंत्र आलंय, सर. विद्यार्थ्यांचाच फायदा," ते म्हणाले.

सरांनी मान डोलावली. ते निघून गेल्यावर स्कूटरवर मागे बसताना मात्र ते म्हणाले, "पहिला आलेला मुलगा कधी म्हणतो का, मला पुन्हा परीक्षेला बसू द्या?"

"कधी म्हणेल?" मी विचारलं.

"पेपर त्याने लिहिलेला नसेल तर. उद्या दिंडोरीला जाऊ."

३

सकाळी दिंडोरीच्या रस्त्यावर धुकं बागांच्या मांडवांवर टेकलं होतं. ट्रॅक्टर औषध फवारत जात होते, पण दिसत नव्हते. दिसायचे फक्त दिवे आणि कानांवर यायची घरघर. बागाईतदारांना धुकं म्हणजे वेलींवर रोगाचं आमंत्रण. सरांना मात्र ते अंगावर घेतलेल्या चादरीसारखं वाटत असावं, कारण ते मागे बसल्या बसल्या गुणगुणत होते.

हर्षाली रस्त्यावर उभी होती. तिच्या मागून आम्ही ओळींमधून वाकून चालत गेलो. छाटणी होऊन महिना झाला होता, फांद्या हातभर वाढल्या होत्या, आणि बायडाबाई अन्‌ आणखी तिघीजणी त्या सुतळीने तारेला बांधत होत्या. एका हाताने फांदी धरायची, दुसऱ्या हाताने सुतळी फिरवायची. बोलणं चालूच आणि हातही. एकेक गाठ डोळ्याची पापणी लवायच्या आत पडत होती.

सर थांबले. त्यांनी तारेवरच्या एका गाठीला हात लावला आणि डोळे मिटले.

"हीच गाठ का बांधता?" त्यांनी विचारलं.

"येल वाढतो ना, सायेब. गाठ आवळली तर फांदी गुदमारती. म्हणून जरा सैल फास ठिवायचा. वाऱ्यानं सरकत नाय, आन काढायची म्हणलं तर एका वढीत सुटती."

"आणि गादीला?"

बायडाबाई लाजल्यासारख्या हसल्या. "हाताला सवय लागली. गादीलाबी तीच बसती. मी म्हणलं, असू द्या. निजणाऱ्याचाबी जीव गुदमरायला नको."

सरांनी खिशातून रुमाल काढला आणि त्याच्या टोकाला तशी गाठ मारून मागितली. मग या बायांनी आल्हाद शेठसाठी कधी गाद्या शिवल्या होत्या का, असं विचारलं. कधीच नाही, असं चौघीही म्हणाल्या. त्यांना तो माणूस समोरून गेला तरी ओळखू आला नसता. पाच क्रमांकाबद्दल सरांनी अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्याचा नमुना दाखवायचा नाही तसं त्याबद्दल सांगायचंही नाही, हा नियम त्यांनी स्वप्नातसुद्धा मोडला नसता.

परतीच्या वाटेवर मी मात्र गप्प बसले नाही. "म्हणजे बायडाबाईंचीच गादी पहिली आली! आल्हादने महेशला हाताशी धरून खोळी बदलल्या. आपली तिच्या खोळीत, तिची आपल्या खोळीत."

"चोराने किती खोळी बदलल्या असत्या?"

"दोन."

"मग दोन क्रमांकाची लोंबते का? आणि चार क्रमांकाची तंग का? पुरवठादार आपल्या गादीला मापाची खोळ शिवतो. तिथे तर एकही खोळ आपल्या गादीवर नसावी असं दिसतं." सर मागून पुढे वाकले. "चोर दोन बदलतो, मृण्मयी. पाचही बदलतो तो चोर नसतो."

मी स्कूटर बाजूला घेऊन उभी केली. मला तो वास आठवला होता. दिवाळीत आई केसांना लावायची तो.

"रिठा," मी म्हणाले.

"महेशच्या टॉवेलला आहे तोच," सर म्हणाले. "टॉवेल कोण धुतं?"

४

टॉवेल लंकाबाई धुते. ती भांडाराची सफाई करते, कंत्राटावर. कपड्यांच्या साबणाने तिच्या हातांना भेगा पडतात, म्हणून ती घरून रिठ्याचं पाणी बाटलीत भरून आणते. हे विद्यापीठात सगळ्यांना माहीत होतं, मलाही. पण माहीत असलेली गोष्ट वेळेवर आठवेल तर शपथ.

ती गच्चीवर पडदे वाळत घालत होती. सरांनी तिला काहीच विचारलं नाही. फक्त तिच्या पिळलेल्या पडद्याचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून तो झटकला. मग ते म्हणाले, "त्या गाद्यांच्या खोळी फार स्वच्छ निघाल्या."

ती क्षणभर खूष झाली. मग तिला काहीतरी जाणवलं आणि ती कठड्याला धरून खालीच बसली.

तिने सांगितलं ते असं. समिती यायच्या दोन दिवस आधी महेशने तिला किल्ली दिली, खोली झाडून ठेव म्हणाला आणि बहिणीकडच्या साखरपुड्याला गेला. आत जाऊन बघते तर पाचही गाद्यांवर पारव्यांनी घाण केलेली. मोठे लोक येणार आणि हे असं? घरी पाहुणे येणार असले की बाई काय करते, तेच तिने केलं. नाड्या सोडल्या, खोळी काढल्या, धुतल्या आणि गच्चीवर उन्हात वाळवल्या. गाद्याही बाहेर काढून त्यांना ऊन दाखवलं. संध्याकाळी खोळी परत घातल्या. आकडे खोळीवर होते, गाद्यांवर नव्हते; आणि उघड्या गाद्या तिला सगळ्या सारख्याच. कुणाचं कुणाला गेलं, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

"मायबाप, मार्चला माझं कंत्राट संपतंय," ती म्हणाली. "हे कागदावर आलं तर मला पुन्हा कोण घेईल?"

सरांनी हातातलं पडद्याचं टोक दोरीवर टाकलं. मग आम्ही खाली उतरलो. मला त्या क्षणी त्यांचं काम नको झालं. एका बाईचं नाव पुसायचं तर दुसरीचं लिहायचं, हा कुठला न्याय?

"लिहिणार तुम्ही?" मी विचारलं.

"आधी आल्हाद शेठना बोलवू," ते म्हणाले. "शुक्रवारी अकराला. आणि महेशला सांग, पाचही खोळी काढून ठेव."

५

शुक्रवारी धुकं जरा विरळ होतं. आतल्या खोलीत पाच उघड्या गाद्या रांगेत मांडल्या होत्या, खोळ नाही, आकडा नाही. मला फक्त एवढंच माहीत होतं की कडेची दुसरी ती, जिच्यावर सर झोपले होते. बायडाबाई आणि हर्षाली बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. आल्हाद शेठ कराराचं पेन खिशाला लावूनच आले होते.

"शेठ, यातली तुमची कुठली?" सरांनी विचारलं.

आल्हाद शेठनी गाद्यांकडे पाहिलं. ज्या माणसाने आयुष्यभर गाद्या विकल्या त्याला स्वतःची ओळखायला किती वेळ लागणार? त्यांचे डोळे सगळ्यात आधी शेवटच्या, उसवलेल्या शिवणीतून पिवळट कापूस दिसणाऱ्या गादीवर गेले आणि तिथून चटकन निघाले. मग ते सावकाश चालत कडेच्या दुसऱ्या गादीशी आले आणि म्हणाले, "ही."

"तिची एक गाठ सोडून दाखवा."

त्यांनी गाठ नखांनी उकरली, दोन्ही हातांनी ताणली, दातांत धरायलाही वाकले. ती सुटली नाही. सरांनी पुढे होऊन सुतळीचं एक टोक हळूच ओढलं आणि गाठ मोकळी झाली. मग त्यांनी खिशातला रुमाल काढून शेजारी ठेवला. त्यावरचीही गाठ तशीच सुटली.

"ही वेल बांधायची गाठ आहे. तुमच्या कारागिरांपैकी द्राक्षबागेत कोण काम करतं?"

आल्हाद शेठनी सुटलेली सुतळी बोटाभोवती फिरवून पाहिली. सरांनी त्यांचाच नमुना बदलायचा अर्ज त्यांच्यापुढे धरला आणि झोपेत बोलल्यासारखं, रागावल्याशिवाय सांगितलं. "सही करायला आलात तेव्हाच तुम्हाला कळलं की ही गादी तुमची नाही. चूक तुम्ही केली नाहीत, ती आपोआप झाली. तुम्ही फक्त गप्प बसलात. आणि अशी गादी सहाशे वेळा बनवता येणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून नमुनाच बदलून मागितलात. तुमचा जुना कापूस दुसऱ्याच्या नावावर गेला, तो तुम्ही जाऊ दिलात."

आल्हाद शेठ म्हणाले, "मी कुणाचं काही चोरलं नाही."

"नाही. चोरलं असतंत तर दोनच खोळी बदलल्या असत्या," सर म्हणाले. महेशकडे त्यांनी फक्त एकदा पाहिलं. कोऱ्या नोंदवहीबद्दल त्याला कारणे दाखवा नोटीस निघाली, ती मीच टाइप केली.

बारा वाजता करार झाला नाही. सरांनी निर्णय हाताने लिहिला, तिथेच, त्याच टेबलावर. मी मागे उभी राहून वाचत होते आणि लंकाबाईचं नाव येतंय का ते बघत होते. ते आलं नाही. त्यांनी लिहिलं की नमुन्याचा क्रमांक गादीवर न टाकता खोळीवर टाकला, ही विद्यापीठाची चूक. खोळ ही धुवायचीच वस्तू आहे, आणि ती स्वच्छतेसाठी काढली गेली यात कुणाचाही दोष नाही. पाचही पुरवठादारांना आपापल्या गाद्या ओळखायला बोलवावं आणि मूल्यमापन नव्याने करावं. पुढे आणखी दोन ओळी होत्या.

कुलगुरूंची सही चार वाजता झाली. एक प्रत मी बायडाबाईंना नेऊन दिली. त्या लंकाबाईजवळ भांडाराच्या पायरीवर बसल्या होत्या. आतलं सगळं त्यांना एव्हाना कळलं होतं. लंकाबाई मान वर करत नव्हती आणि बायडाबाई तिच्या भेगाळलेल्या हातांना डबीतलं खोबरेल चोळत होत्या.

"लय निर्मळ धुतल्या होत्या खोळी," त्या तिला म्हणत होत्या. "कुणीबी धुतल्याच असत्या, बाई."

मग त्यांनी कागद हातात घेतला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी तो सुनेकडे दिला आणि विचारलं, "कुठं लिहिलंय?"

हर्षालीने शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवलं आणि वाचलं. आक्षेपकर्त्या बचत गटाने नवा, स्वच्छ कापूस भरला होता. त्यांच्याविषयीची आधीची नोंद चुकीची असून ती रद्द करण्यात येत आहे, आणि हे पत्र आधीच्या निकालाच्या जागी फलकावर लावावं.

गायधनी सर बाकावर बसले होते. बसल्या बसल्याच त्यांचे डोळे मिटले होते, आणि या वेळी त्यांच्याखाली गादी नव्हती. तोफ वाजली तरी ते हलले नाहीत.

बायडाबाईंनी सुनेचं बोट जिथे होतं तिथे आपलं बोट ठेवलं.

"आजून एकदा वाच," त्या म्हणाल्या.

हर्षालीने वाचलं. मग तिसऱ्यांदाही वाचलं, कारण लंकाबाईलाही ऐकायचं होतं.